बाहेरून कडक, आतून सर्द : औषधी मुळांविषयी वाचकांचे प्रश्न

औषधी मुळांच्या लागवडीबद्दल आणि वाळवणाबद्दल बरीच पत्रं आली आहेत. पीक चांगलं आलं, पण वाळवून ठेवलेला माल बिघडला, अशी त्यांतल्या बहुतेकांची तक्रार आहे. सारखे प्रश्न एकत्र करून इथं उत्तरं देत आहोत. सुरुवात वाळवणापासून करतो, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथंच होतं.

प्रश्न : अश्वगंधाची मुळं आठ दिवस कडक उन्हात वाळवली. हाताला दगडासारखी लागत होती, म्हणून पोत्यात भरली. तीन आठवड्यांनी पोतं उघडलं तर कुबट वास आला आणि जाड कांड्या मोडून पाहिल्या तर आत हिरवट बुरशी. कुठं चुकलं?

उत्तर : दिवस कमी पडले नाहीत. सुरुवातीला घाई झाली आणि शेवटी खात्री करायची राहून गेली. ओली मुळं पहिल्याच दिवशी रणरणत्या उन्हात किंवा फार तापलेल्या ड्रायरमध्ये घातली की साल भराभर सुकते, आक्रसते आणि टणक होते. गाभ्यातल्या पाण्याला मग बाहेर पडायला वाट उरत नाही. हाताला दगड लागतो, आत मूळ सर्दच असतं. पोत्यात बंद झाल्यावर तेच पाणी सावकाश सालीकडे सरकतं, वारा नसल्यामुळं तिथंच मुरतं आणि बुरशी धरते.

ड्रायर 60-65 अंश सेल्सिअसच्या वर गेला तर आणखी एक बिघाड होतो. ओल्या मुळातला स्टार्च शिजतो. असं मूळ मोडलं की तुटलेली बाजू शिंगासारखी चकचकीत आणि पिवळसर दिसते. चांगल्या अश्वगंधाची कांडी मोडल्यावर आत खडूसारखा पांढरा, पिठूळ गाभा दिसायला हवा. प्रतवारी करणारा माणूस पोत्यात हात घालून पहिली कांडी मोडतो ती हेच बघायला.

दुसरी चूक बहुधा जाड-बारीक मुळं एकत्र वाळवण्याची आहे. मूळ दुप्पट जाड असेल तर ते वाळायला दुप्पट नाही, जवळजवळ चौपट वेळ लागतो. पाच मिलिमीटरची मुळी खडखडीत वाजायला लागते तेव्हा तिच्या शेजारची अंगठ्याएवढी कांडी आतून ओलीच असते. आपण मात्र बारीक मुळ्यांचा आवाज ऐकून सगळंच वाळलं असं धरतो.

पुढच्या वेळी असं करून पाहा. खोदलेल्या दिवशीच बुडखा आणि तंतुमुळं काढून मुळांच्या 7 ते 10 सेंटिमीटरच्या कांड्या करा. दोन सेंटिमीटरपेक्षा जाड कांडी उभी चिरा. जाड, मध्यम, बारीक असे तीन ढीग करा आणि शेवटपर्यंत ते एकमेकांत मिसळू देऊ नका. जमिनीपासून 60 ते 75 सेंटिमीटर उंचीवर ताणलेल्या जाळीवर एकच थर पसरा, म्हणजे वारा खालूनही लागेल. पहिला दिवस वाहत्या वाऱ्याच्या सावलीत जाऊ द्या. सालीवरचं पाणी तिथंच उडतं. दुसऱ्या दिवसापासून ऊन द्या आणि दिवसातून तीनदा माल हलवा. सूर्य मावळायच्या आत जाळ्या छपराखाली घ्या. उघड्यावर राहिल्या तर दिवसभरात उडालेल्या पाण्यातलं बरंचसं दवातून परत येतं.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुळं बाहेरून कडक लागायला लागली की त्यांचा ढीग करून एक रात्र स्वच्छ गोणपाटाखाली झाकून ठेवा. सकाळी हात लावाल तर कालचा कडक माल वातड लागेल. घाबरू नका, गाभ्यातलं पाणी सालीपर्यंत आलं आहे. पुन्हा पसरा, दोन दिवसांनी पुन्हा एक रात्र ढीग करा. रात्रभर झाकूनही सकाळी मुळं कडकच राहिली की आत पाणी उरलेलं नाही. एक सावधगिरी मात्र पाळा. निम्म्याहून जास्त वजन उतरल्याशिवाय ढीग करायचा नाही. ओल्या मुळांचा ढीग एका रात्रीत आतून तापतो.

प्रश्न : वाळवण पुरं झालं हे अंदाजानं न ठरवता मोजून कसं ठरवायचं? ओलावा मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही.

उत्तर : साधा वजनकाटा पुरतो, फक्त सुरुवातीचं वजन लिहून ठेवलेलं असलं पाहिजे. पसरायच्या वेळी वेगवेगळ्या मुळांचे बारीक तुकडे मिळून 20 ग्रॅम घ्या आणि 105 अंशांवर ओव्हनमध्ये ठेवा. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला की जे उरलं ते कोरडं द्रव्य. समजा 6 ग्रॅम उरलं. म्हणजे ओल्या मुळात 70 टक्के पाणी आणि 30 टक्के कोरडं द्रव्य आहे. आता 5 किलो ओल्या मुळांची एक जाळी खूण करून बाजूला ठेवा. तिच्यात कोरडं द्रव्य दीड किलो. शेवटी 10 टक्के ओलावा हवा असेल तर दीड किलोला 0.90 नं भागा, 1.67 किलो येतं. काट्यावर हा आकडा दिसेपर्यंत वाळवण थांबवायचं नाही.

त्याच जाळीचं रोज एका ठरावीक वेळी वजन केलं तर वाटेत कुठं आहोत तेही कळतं. वजन अडीच किलोवर आलं म्हणजे ओलावा 40 टक्के, दोन किलोवर आलं म्हणजे 25 टक्के. कांड्यांसारख्या कापलेल्या मालाचं वजन पहिल्या दोन-तीन दिवसांत निम्म्यावर यायला हवं. आलं नाही तर थर जाड आहे किंवा वारा कमी पडतोय. त्याच दिवशी माल विरळ करा किंवा पंखा लावा, कारण बुरशीला सगळ्यात सोयीचे दिवस हेच असतात. उलट दोन दिवस वजन एकाच जागी थांबलं आणि आकडा गाठलेला नसेल, तर हवाच दमट आहे. दमट हवेत मूळ एका मर्यादेपलीकडे वाळत नाही, कितीही दिवस ठेवा. तिथं उबदार कोरडी हवाच लागते.

शेवटची पडताळणी काचेच्या बरणीत करा. ढिगातल्या सगळ्यात जाड दहा-बारा कांड्या बरणीत भरून झाकण घट्ट लावा आणि बरणी एक दिवस उबदार जागी ठेवा. काचेवर आतून वाफ धरली तर माल वाळलेला नाही. कांडी मोडून पाहणंही चांगलं, पण जाडच कांडी मोडा. ती कट्‌कन तुटली पाहिजे. वाकून मग फाटली किंवा आत धागे ओढले गेले, तर अजून दोन दिवस द्या.

प्रश्न : अश्वगंधाची झाडं कमरेपर्यंत वाढली, पानंही भरपूर आली. उपटल्यावर मात्र मुळं आखूड निघाली, कुणाला तीन-चार फाटे, कुणावर गाठी. खत कमी पडलं का?

उत्तर : खत बहुधा जास्त झालं. नत्र भरपूर मिळालं की हे झाड पानांच्या मागं लागतं आणि मूळ भरायचं राहतं. अश्वगंधा हलक्या, निचऱ्याच्या, मध्यम कसाच्या जमिनीतच चांगली मुळं देते. चांगलं कुजलेलं शेणखत पेरणीच्या महिनाभर आधी मातीत मिसळलं की तिचं भागतं. अर्धकच्चं शेणखत टाळा. सोटमुळाचं टोक कच्च्या खताच्या गोळ्याला, दगडाला किंवा नांगराच्या तळाशी बसलेल्या कठीण थराला टेकलं की ते करपतं किंवा वळतं, आणि बाजूनं फाटे फुटतात. माती निदान 30 सेंटिमीटर खोल भुसभुशीत हवी. जमीन भारी असेल तर 20-25 सेंटिमीटर उंचीच्या गादीवाफ्यांवरच पेरणी करा.

रोपं तयार करून लावली असतील तर फाट्यांचं कारण तिथंही असू शकतं. रोप उपटताना सोटमुळाचं टोक तुटतं आणि तुटलेलं सोटमूळ पुन्हा सरळ जात नाही. ज्या पिकाचं मूळच विकायचं ते शक्यतो जागेवर पेरावं. ओळींत 30 सेंटिमीटर अंतर ठेवा, बी एक-दीड सेंटिमीटरपेक्षा खोल टाकू नका, आणि महिनाभरानं विरळणी करून दोन झाडांत 8 ते 10 सेंटिमीटर जागा सोडा. विरळणी करायला जीव होत नाही हे खरं, पण दाटीत उरलेली झाडं दोऱ्यासारखी मुळं देतात. पाणीही हात राखून द्या. वरचा थर सतत ओला राहिला तर मूळ पाण्यासाठी खाली जायचं कारणच उरत नाही.

गाठींचं कारण वेगळं. त्या सूत्रकृमींच्या, म्हणजे मातीतल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कृमींच्या आहेत. अश्वगंधा वांगी, टोमॅटो, मिरचीच्या कुळातली आहे, आणि या पिकांवर जगणारे सूत्रकृमी तिच्याही मुळांत घुसतात. ही पिकं किंवा भेंडी घेतलेल्या रानात लगेच अश्वगंधा नको. आधी झेंडूचं पीक घ्या आणि पेरणीपूर्वी चौरस मीटरला 50 ते 100 ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. गाठी आलेली मुळं निवडून वेगळी काढा. ती वाळतात वेडीवाकडी, आणि गाठींच्या बेचक्यांतली माती धुऊनही निघत नाही.

प्रश्न : मुळं काढायची नेमकी वेळ कशी ओळखायची?

उत्तर : पानांकडे बघून. पानं पिवळी पडून वाळायला लागली म्हणजे झाडानं वर बनवलेलं खाली नेऊन ठेवलं आहे. अश्वगंधाला पेरणीपासून पाच ते सहा महिने लागतात. खालची पानं गळतात, वरची सुकतात आणि फळं तांबडी होतात, तेव्हा ती काढा. त्यानंतर पाऊस किंवा पाणी मिळून नवे कोंब फुटले तर साठवलेलं पुन्हा वर जायला लागतं, आणि मूळ तंतुमय, लाकडासारखं होत जातं. शतावरीला दीड ते दोन वर्षं, सर्पगंधाला अडीच ते तीन, ज्येष्ठमधाला तीन-चार वर्षं द्यावी लागतात. वजन दिसतं म्हणून शतावरी पहिल्याच वर्षी काढणारे आहेत. ती मुळं पाण्यानं भरलेली असतात आणि वाळल्यावर हातात फारसं काही उरत नाही.

जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असताना खोदा. कोरड्या, कडक जमिनीत मुळं तुटतात आणि चिखलात खोदली तर माती सालीत बसते. रान फारच कडक असेल तर एक-दोन दिवस आधी हलकं पाणी द्या. झाड ओढून काढू नका. पहार किंवा खोदायचा काटा झाडापासून वीतभर अंतरावर खुपसून माती खालून उचला आणि मग बुडखा धरून मूळ सोडवून घ्या. तुटलेली, कुदळीचा घाव बसलेली मुळं बाजूला ठेवा आणि त्यांची कापणी-वाळवणी सगळ्यात आधी करा. घावावर सड लवकर धरते आणि ढिगात पसरते.

प्रश्न : मुळं धुवायची की नुसती झटकायची? आम्ही माती सुटावी म्हणून रात्रभर पाण्यात ठेवतो.

उत्तर : रात्रभर भिजवणं आजपासून बंद करा. मुळातली पाण्यात विरघळणारी द्रव्यं हौदात उतरतात, मूळ फुगून आणखी पाणी पितं, आणि तेच पाणी पुढं दोन दिवस खर्ची घालून वाळवून काढावं लागतं. आधी वाफशावरच्या मुळांची माती हातानं झटकायची, मग अखंड मुळं वाहत्या, पिण्यायोग्य पाण्यात मऊ ब्रशनं पटकन धुवायची, निथळू द्यायची आणि त्यानंतरच कापायची. कापून धुतलीत तर प्रत्येक तोंडातून रस जातो आणि मातीचे कण आत शिरतात. एकाच टबात खळबळून दहा घाणे काढायचे असतील तर न धुतलेलं बरं, कारण तिसऱ्या-चौथ्या घाण्यापासून तुम्ही मुळांना गाळ चोळत असता.

सर्पगंधाच्या बाबतीत हात विशेष हलका ठेवा. तिच्या मुळातली औषधी अल्कलॉइडं मुख्यतः सालीत असतात. जोरानं घासलं, सळीनं खरवडलं, वाळल्यावर पोती आपटली की साल सुटते आणि मागं उरतो तो बराचसा नुसता लाकडी गाभा. सर्पगंधा हे रक्तदाबावर तीव्र परिणाम करणारं मूळ आहे. ते पिकवणाऱ्यानंही वैद्यकीय सल्ल्याशिवाय घरी घेऊ नये.

प्रश्न : प्रयोगशाळेच्या अहवालात ‘आम्लात न विरघळणारी राख जास्त’ असा शेरा येऊन माल परत आला. याचा अर्थ काय?

उत्तर : तुमच्या मालात माती आहे. मूळ जाळून उरलेली राख आम्लात टाकली की झाडाचे स्वतःचे बहुतेक क्षार विरघळतात आणि तळाला राहते ती मुख्यतः वाळू. वरून स्वच्छ दिसणाऱ्या मालातही ती तीन ठिकाणी लपते : बुडख्याच्या घड्यांत, फाट्यांच्या बेचक्यांत आणि तंतुमुळांच्या जाळ्यात. बुडखा मुळाच्या सुरुवातीपर्यंत नीट छाटा, बेचकं असेल तर तिथंच चिरून दोन भाग करा. तंतुमुळं चांगल्या मालात अजिबात ठेवू नका. वजन थोडं घटेल, पण सगळी पोती परत येण्यापेक्षा ते बरं. जमिनीवर ताडपत्री टाकून वाळवत असाल तर वाऱ्याबरोबर धूळही येतेच. वाळलेला माल भरण्यापूर्वी 3-4 मिलिमीटरच्या चाळणीतून काढा. चाळणीखाली काय पडतं ते एकदा चिमटीत घेऊन बोटांनी चोळून बघा, कितीतरी रेती लागेल.

प्रश्न : शतावरी सोलताना साल तुकड्यातुकड्यांनी निघते, मधला धागा आतच राहतो, आणि वाळल्यावर रंग गुलाबी-तपकिरी होतो. पांढरी शतावरी कशी होते?

उत्तर : शतावरी काढल्यापासून चोवीस तासांत सोलून झाली पाहिजे. मूळ शिळं झालं की साल गराला चिकटते, मग तुम्ही कितीही निगुतीनं सोला, गरासकट निघते. म्हणून एका दिवसात जेवढी सोलून होईल तेवढीच खोदा. वेल महिनाभर जमिनीत राहिली तरी मुळाचं काही बिघडत नाही.

धुतलेली मुळं जाडीनुसार वेगळी करून वाफेवर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकली तरी साल सुटते, पण त्या पाण्यात शतावरीतले विद्राव्य घटक उतरतात; वाफेत हे नुकसान बरंच कमी होतं. बोटाएवढ्या मुळाला साधारण 5 ते 10 मिनिटं पुरतात. घड्याळापेक्षा नखाची खूण खरी. एक मूळ काढून नख लावा. साल सरकली आणि खालचा गर अजून घट्ट असला की थांबा. गर मऊ पडून पारदर्शक झाला म्हणजे जास्त शिजलं, आता धागा ओढताना मूळ हातात फुटेल. वाफेवरून काढलेली मुळं लगेच थंड पाण्यात बुडवून बाहेर घ्या. मग देठाकडून टोकापर्यंत उभा हलका छेद द्या, साल दोन बाजूंना उलगडा, आणि जाड टोकाकडचा धागा नखात पकडून मुळाच्या रेषेतच सावकाश ओढा. वर उचलून ओढलात की तो मधेच तुटतो. धागा राहिलेलं मूळ दिसायला वाळतं, पण त्या लाकडी धाग्याभोवती ओल धरून राहते आणि चूर्णातही काड्या येतात.

रंग बिघडतो तो सोलल्यानंतरच्या ताटकळण्यानं. सोललेली मुळं ढिगात चार-पाच तास पडली की हवा लागून तांबूस होतात. वाफ नीट लागली असेल तर हा बदल मंदावतो, थांबत नाही. सोललेलं प्रत्येक सूप लगेच जाळीवर गेलं पाहिजे, एका थरात, मुळं एकमेकांना न चिकटता. ड्रायरमध्ये 45 ते 50 अंश ठेवा. दहा किलो ओल्या मुळांतून साधारण किलो ते दीड किलो वाळलेला माल मिळतो. हा आकडा आधीच माहीत असला की मन घट्ट होतं आणि ओलसर माल भरायचा मोह टळतो. शतावरीत शर्करा आणि चिकट द्रव्यं भरपूर असल्यामुळं ती उघड्यावर तासाभरातही सादळते. ड्रायरमधून काढून निववली की लगेच हवाबंद करा.

प्रश्न : ऊन चांगलं की सावली?

उत्तर : ज्या मुळाला सुवास आहे त्याला सावली. वेखंडासारख्या कंदाचं औषधी तेल उडून जाणारं असतं, म्हणून ते 40 अंशांच्या आत, वाहत्या वाऱ्यात वाळवावं. सोलू नये, आणि तुकडे मोठेच ठेवावेत, कारण प्रत्येक नव्या कापातून तेल निसटतं. वाळवणाच्या खोलीत घमघमाट सुटला तर आनंद मानू नका, तो सुवास मालातून चालला आहे. बिनवासाच्या मुळांना ऊन चालतं.

प्रश्न : मुसळी पांढरीशुभ्र दिसावी म्हणून गंधकाची धुरी देतात. द्यावी का?

उत्तर : देऊ नये. गंधकाच्या धुरानं रंग उजळतो, पण मालात सल्फाइट उरतं, ते तपासणीत सापडतं आणि दम्याच्या रुग्णाला त्याचा त्रास होतो. ज्या मुळाचं औषध व्हायचं त्यात हे असता कामा नये.

मुसळी पांढरी होते ती वेळेवर काढल्यानं आणि सोलल्यानं. लावणीनंतर तीनेक महिन्यांनी पानं पिवळी पडून गळतात, तेव्हा लगेच खोदायची घाई नको. मुळं जमिनीतच पक्व होऊ द्या. साल आधी फिकट असते, ती गडद तपकिरी-काळपट झाली की मुसळी तयार झाली. कोवळी मुसळी वाळल्यावर सुरकुतते, पिवळट पडते, आणि तिला कितीही ऊन दिलं तरी ती पांढरी होत नाही. सोलताना चाकू हलका चालवा, फक्त साल काढा. सोललेली मुळं एकदा धुऊन लगेच जाळीवर पातळ कापडाखाली पसरा, म्हणजे धूळ आणि माश्या दोन्ही लांब राहतील.

प्रश्न : थोडी बुरशी आलेली मुळं धुऊन, पुन्हा कडक उन्हात वाळवून वापरता येतील का?

उत्तर : नाही. ऊन बुरशीची वाढ थांबवतं, बुरशीनं मुळात सोडलेलं विष तसंच राहतं. अफ्लाटॉक्सिन नावाचं असं विष उकळल्यानंही जात नाही, आणि ते यकृतावर आघात करतं. दिसणारी बुरशी पुसली तरी आत काय आहे ते डोळ्यांना कळत नाही. ज्या पोत्यात बुरशी दिसली त्यातली चांगली मुळं निवडून काढायच्याही फंदात पडू नका. त्या पोत्यातला अख्खा माल बाद करा, बाकीच्या मालापासून दूर नेऊन नष्ट करा, आणि ती पोती-जाळ्या धुऊन, उन्हात तापवूनच पुन्हा वापरात घ्या.

प्रश्न : नीट वाळवलेल्या मुळांना चार महिन्यांनी टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली, खाली पीठ सांडलं. पोती तर कोरड्या खोलीत होती.

उत्तर : हे दोन-तीन मिलिमीटरच्या तांबूस-तपकिरी भुंगेऱ्यांचं काम आहे. स्टार्चनं भरलेलं वाळकं मूळ हे त्यांचं आवडतं खाणं, आणि अगदी कमी ओलाव्यातही ते जगतात. त्यामुळं नुसतं कोरडं ठेवून भागत नाही, वाटच बंद करावी लागते. गोणपाटाच्या विणीतून किडा सहज शिरतो आणि गोणपाट हवेतला दमटपणाही शोषतं. आत निदान 100 मायक्रॉन जाडीची, अन्नासाठी चालणारी प्लॅस्टिक पिशवी वापरा, तोंड पिळून, दुमडून बांधा, आणि बाहेरून पोतं घाला. माल गरम असताना भरू नका, आत घाम धरतो. तो थंड व्हायला दोन-तीन तास द्या, रात्रभर उघडा ठेवू नका. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भिंतीला टेकलेलं पोतं नेहमी भिंतीकडूनच सादळतं.

भरण्यापूर्वीच अंडी असू शकतात. लहान साठा असेल तर बंद पिशवी उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर गार मुळांवर दव धरेल. मोठ्या साठ्यातली बिनवासाची मुळं भरण्याआधी ड्रायरमध्ये अशी तापवावीत की गाभा दोनेक तास 55 अंशांवर राहील. मूळ आधीच वाळलेलं असल्यामुळं या तापमानाला त्यातला स्टार्च शिजत नाही. साठवणीतल्या औषधी मालावर धान्यात वापरायच्या विषारी गोळ्या ठेवू नका.

दर पंधरा दिवसांनी प्रत्येक पोतं उचलून त्याखालची फळी बघा. किडा दिसण्याच्या कितीतरी आधी फळीवर पीठ दिसतं. मुळं अखंड किंवा मोठ्या कांड्यांतच साठवा आणि चूर्ण लागेल तेवढंच, लागेल तेव्हा करा. चूर्णाला हवा सगळ्या बाजूंनी लागते. त्यातलं औषध लवकर उतरतं, आणि भुकटीत कीड किंवा भेसळ आहे का, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही.

प्रश्न : मुसळीच्या पुढच्या लावणीसाठी कोणती मुळं ठेवायची?

उत्तर : ज्या मुळाच्या माथ्याला बुडख्याचा डोळा असलेला तुकडा चिकटला आहे तीच. नुसती मुळी कितीही जाडजूड असली तरी तिला कोंब फुटत नाही. काढणीच्या दिवशीच निरोगी, भरदार झुपके निवडून ठेवा, सोलू नका, धुऊही नका, आणि थंड, सावलीच्या जागी कोरड्या वाळूच्या थरांत ठेवा. लावणीच्या आठवडाभर आधी चाकूनं असे भाग करा की प्रत्येकाला डोळा राहील आणि त्याखाली निदान एक अखंड मुळी असेल. कापलेल्या तोंडांना सावलीत दोन दिवस खपली धरू द्या, मगच मातीत लावा.